आन्सेल्मच्या पाठीमागे

रोझीनला क्रुसाच्या खिंडीचा रस्ता माहीत नाही असं कुणी म्हटलं असतं, तर फुजेर गाव हसलं असतं. लग्न झाल्यापासून दर रविवारी ती त्या रस्त्याने सायकलवर जात आली होती. पाऊस असो, धुकं असो, नाहीतर रानडुकरांच्या शिकारीचे दिवस असोत आणि झाडीतून बंदुकांचे बार ऐकू येत असोत. पण तिला तो रस्ता खरोखरच माहीत नव्हता. तिला माहीत होती ती आन्सेल्मची पाठ.

ती मूळची मोर्व्हाँच्या डोंगरातली नव्हे, खालच्या नदीकाठच्या सपाट मुलखातली. शाळेत मुलांचं जेवण रांधायचं काम मिळालं म्हणून वर आली. आन्सेल्म वनखात्यात होता. तोडायच्या झाडांवर खुणा करत रानभर हिंडायचा. त्याच्याशी लग्न करून ती इथलीच झाली, पण उताराची धास्ती काही गेली नाही. खिंडीच्या माथ्यावरून खाली नुसतं पाहिलं तरी तिची बोटं ब्रेकवर आवळायची.

"तू रस्त्याकडे बघूच नकोस," आन्सेल्मने पहिल्याच रविवारी सांगितलं होतं. "माझ्याकडे बघ. माझ्या मागच्या चाकापासून वीतभर अंतर ठेव. समोरचा वारा मी अंगावर घेतो."

आणि तसंच चाललं. निळी लोकरी बंडी, डाव्या खांद्यावर तिनेच केलेलं रफू, आणि त्याचा हात. खड्डा आला की तो हात खाली जायचा, ज्या बाजूला खड्डा त्या बाजूला बोट. खडी पसरलेली असली की कमरेमागे पंजा हलायचा. हात दिसला की रोझीन वळायची. खड्डा पाहायची तिला गरजच पडत नसे. आन्सेल्म मात्र कधी मागे बघत नसे. "पुढच्याने मागे बघायचं नसतं. मान वळली की हँडल वळतं. मागचा आहे, असं धरून चालायचं."

एका हिवाळ्यात, रविवारीच सकाळी, सायकलच्या बुटांची नाडी बांधता बांधता तो स्वयंपाकघरात कोसळला. एक बूट पायात, एक हातात.

त्यानंतर दोन वर्षं रोझीनने सायकलीला हात लावला नाही. मग एप्रिलमध्ये, फारसा विचार न करता, तिने ती बाहेर काढली. लाकडाच्या गिरणीपर्यंत वारा तोंडावर येत होता आणि तिचे पाय भरून आले होते. गिरणीच्या पुढे रान दोन्ही बाजूंनी जवळ येतं. तिथे वारा एकदम पडला. झाडांचे शेंडे हलत होते. तिच्या चेहऱ्यावर मात्र काही लागत नव्हतं. पायही हलके झाले. तिने मान वर केली तेव्हा पुढे वीतभरावर निळी बंडी होती.

ती घाबरली नाही. घाबरायला हवं होतं, हे घरी आल्यावर तिच्या लक्षात आलं.

मग दर रविवारी तसंच होऊ लागलं. गिरणी मागे पडली की तो यायचा, माथ्यावर नसायचा, उताराला पुन्हा असायचा, आणि गावाचं पहिलं घर दिसलं की वारा परत तोंडावर यायचा. चेहरा कधी दिसला नाही. तिने पाहायचा प्रयत्नही केला नाही. एकदा फक्त तिने हाक मारली, तेव्हा पाठ जराशी ताठ झाली आणि निळा रंग फिका पडला. पुन्हा तिने तोंड उघडलं नाही.

पाव, तंबाखू आणि वाईनचं दुकान चालवणारी एदमे ही आन्सेल्मची थोरली बहीण. जिभेला हाड नसलेली. तिने एका रविवारी रोझीनला दारातच अडवलं.

"काय गं, चढ चढून आलीस ना? मग घाम कुठे आहे?"

"हळू चालवते मी."

"हळू कसली? पेपरवाल्याची गाडी तुझ्या मागे होती. तो म्हणाला, बाई उताराला सुसाट जाते आणि मधेच रिकाम्या रस्त्यावर झोकांड्या खाते. सकाळी सकाळी घेतेस की काय?"

"तुझ्याच दुकानातली घेते," रोझीन म्हणाली. "तेवढी वाईट दुसरीकडे मिळत नाही."

एदमे हसली, पण तिची नजर हसली नाही.

जूनमध्ये रोझीन पडली. जुन्या बीचच्या झाडाच्या वळणावर आन्सेल्मचा हात नेहमीसारखा डावीकडे खाली गेला. ती उजवीकडे वळली आणि पुढचं चाक कशात तरी गेलं. मग आकाश खाली आणि डांबर वर. लाकूडवाल्या ट्रकचा ड्रायव्हर तिला गावात घेऊन आला. खांद्याजवळचं हासळीचं हाड मोडलं होतं.

सायकल नार्सिसकडे गेली. नार्सिस ट्रॅक्टर दुरुस्त करायचा आणि सायकली मेहेरबानी म्हणून. गळ्यात हात अडकवून रोझीन चौकशीला गेली तेव्हा तो चाक फिरवत एका डोळ्याने बघत होता. एदमेही पावाची पिशवी घेऊन मागोमाग आली होती.

"मादाम, एक विचारू? राग नका मानू," नार्सिस म्हणाला. "मी जाऊन जागा पाहून आलो. उजवीकडे ट्रकच्या चाकांनी रस्त्याची कड पार खाल्लीय. तुमचं बोटभर रुंदीचं चाक त्यात गेलं, ते ठीक. पण डावीकडे साफ डांबर आहे. तुम्ही डावीकडून का नाही गेलात?"

"डावीकडे खड्डा आहे."

"होता. तुमचे यजमान गेले, त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात बुजवला. लोक असलेला खड्डा चुकवतात, मादाम. तुम्ही नसलेला चुकवलात."

तो आपल्याच बोलण्यावर हसला. एदमेने पिशवी खाली ठेवली.

"तुला कुणी सांगितलं डावीकडे खड्डा आहे म्हणून?" ती हळूच म्हणाली.

रोझीनच्या मनात एकेक रविवार उलगडत होता. गिरणीच्या पुलाजवळ तो पंजा हलवायचा, तिथे आता खडी नव्हती. झऱ्यापाशी बोट दाखवायचा, तिथे नवं डांबर होतं. आणि नव्या भेगा, नव्या चाकोऱ्या यांच्यावरून तो हात न हलवता सरळ निघून जायचा. ती आजवर वाचली होती ती नशिबाने. त्याला रस्ता माहीत होता तो त्याच्या वेळचा. त्यानंतर रस्त्याचं काय झालं, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

परतताना एदमेने पावाची पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

"तो दिसतो ना तुला?"

"पाठ दिसते."

"मला एकदासुद्धा दिसला नाही," एदमे म्हणाली. "सख्खी बहीण मी. लहानपणी त्याचं नाक पुसलंय." मग तिने रोझीनचा धड हात धरला. "ऐक माझं. टांग ती सायकल खुंटीला. नाहीतर डोळे उघडून रस्ता बघ. पुढल्या खेपेला मान मोडेल, आणि माझ्या दुकानाला शिव्या घालणारं कुणी उरणार नाही."

उन्हाळाभर हाड जुळत होतं आणि रोझीन खिडकीशी बसून एकच गोष्ट घोळवत होती. हाताकडे बघून चालवलं तर आज ना उद्या मरण. रस्त्याकडे बघायचं तर नजर त्या पाठीवरून काढायला हवी, आणि एका हाकेने फिकी पडलेली पाठ नजर काढल्यावर टिकेल, याची तिला खात्री नव्हती. सायकल खुंटीला टांगायची म्हणजे तर तो दर रविवारी गिरणीपाशी एकटाच येणार. तिन्हींपैकी एकही तिला धड वाटेना.

ऑक्टोबरमध्ये ती निघाली. रात्रभर पाऊस पडून गेला होता आणि रस्त्यावर बीचची पानं चिकटली होती. गिरणी मागे पडली. वारा थांबला. पाठ पुढे होती, रफूसकट. माथ्यावर तिने नेहमीसारखा वर्तमानपत्राचा कागद स्वतःच्या बंडीच्या आत छातीशी घातला, उतारावर गार वारा लागू नये म्हणून. मग ती खाली सुटली.

वेग वाढला. झाडं एकमेकांत मिसळून गेली. पुढे पाठ वाकली होती, कोपरं आत, जशी नेहमी. बीचचं वळण आलं आणि हात डावीकडे खाली गेला. रोझीनने या वेळी हाताच्या पलीकडे पाहिलं. डावीकडे साफ डांबर होतं. उजवीकडे ट्रकने खाल्लेली कड होती, उन्हाळ्यातल्यापेक्षा खोल, पाण्याने भरलेली, वर पानांचा थर. आणि आन्सेल्म, हात दाखवून निश्चिंत झालेला आन्सेल्म, त्या कडेच्याच रोखाने चालला होता.

तो पडेल, एवढंच तिच्या मनात आलं. मेलेला माणूस पडत नाही, हे आलं नाही.

"खड्डा," ती ओरडली. "उजवीकडे खड्डा." आणि आयुष्यात पहिल्यांदा तिने त्याच्या मागच्या चाकाची साथ सोडली. डावीकडून, साफ डांबरावरून, दोन्ही पायांनी जोर लावून ती त्याच्या बरोबरीला आली. डोळ्याच्या कडेला काहीतरी निळं होतं. तिने मान वळवली नाही. ती पुढे गेली आणि उजवा हात खाली सोडून बोट दाखवलं, अगदी खड्डा मागे पडेपर्यंत.

मग वारा आला. सगळा, एकदम, तोंडावर, डोळ्यांत, दातांत. इतका वारा तिला माहीतच नव्हता. रस्ता तिच्या पुढ्यात उघडा पडला होता. वळणावळणाचा, ओला, दगडांच्या कुंपणांमधून जाणारा. तिला तो अनोळखी वाटला. बोटं ब्रेकवर आवळली, पण तिने ब्रेक दाबला नाही. पुढच्या भेगेला तिने बोट दाखवलं. पुलाच्या अलीकडे चिखल होता, तिथे पंजा हलवला. आणि तेव्हा तिला मागून आवाज आला. पाय न मारता उताराला सोडलेल्या चाकाची बारीक टिकटिक. तिच्या स्वतःच्या चाकाची एक होती. ही दुसरी होती.

गावाचं पहिलं घर आलं. धुराड्यातून धूर निघत होता, कुत्रं नेहमीसारखं फाटकावर भुंकायला आलं. ते तिच्याकडे पाहून भुंकलं नाही. ती पुढे गेल्यावर, तिच्या मागे, रिकाम्या रस्त्याकडे बघून भुंकत राहिलं.

सपाटीवर वारा अजूनच जोरात होता. रोझीनने खांदे रुंद केले, कोपरं जराशी बाहेर काढली, आणि पायांचा वेग थोडा कमी केला. मागच्याला दम लागला असेल.