आमचे थेट सरपंच

कंडक्टर अण्णांना बसून बोलता येत नसे. एसटीत तीस-बत्तीस वर्षं उभ्याने काढल्यामुळे असेल, पण सरपंच झाल्यावरही पंचायतीची सभा ते कपाटाला पाठ टेकवून उभ्यानेच चालवत. सरपंचाची खुर्ची रिकामी आणि आम्ही नऊ सदस्य बसलेले. नवा ग्रामसेवक आला तेव्हा त्याने अण्णांना शिपाई समजून चहा आणायला सांगितलं. अण्णांनी आणला. वर, "साखर कमी हाय, चालंल ना?" असंही विचारलं.

मी उपसरपंच. जुन्या नियमाने सदस्यच सरपंच निवडत, आणि नऊच्या नऊ सदस्य आमच्या पॅनेलचे होते, म्हणजे सरपंच मीच व्हायचो. पण सरकारने सरपंच थेट जनतेतून निवडायचं ठरवलं आणि जनतेने अण्णांना निवडलं. कारण साधं होतं. आमच्या वैशाखरे गावाच्या बाजूला त्यांच्या गाडीतून मुरबाडला न गेलेला माणूस नव्हता. तिकीट नीट फाडणाऱ्याला गावाचा कारभार जमेलच असं नाही, हे मी तेव्हा चारचौघांत सांगत असे. आजही मला त्यात काही चुकीचं वाटत नाही. फक्त हल्ली सांगत नाही.

निवडणुकीत अण्णांनी एकच शब्द दिला होता. ओहोळापलीकडच्या वरच्या पाड्याला साकव, म्हणजे माणसं चालत येतील एवढा पूल. पावसाळ्यात ओहोळ भरला की पाडा चार-चार दिवस तुटायचा. दवाखाना, रेशन, शाळा, सगळं अलीकडे. आमच्या पॅनेलचा साकवाला विरोध नव्हता. तो अण्णांनी बांधण्याला विरोध होता. विषय आला की आम्ही नऊ हात वर करून तो पाडत असू. अण्णा शांतपणे मोजायचे. "नऊ विरुद्ध एक. ऱ्हाऊ दे, पुढच्या सभेला घेऊ."

चार-पाच सभांनंतर आम्हाला हात वर करायचाही कंटाळा आला. मी युक्ती काढली की सभेलाच जायचं नाही. कोरम नाही, तर सभा नाही, तर साकवही नाही. आम्ही समोरच्या टपरीवर बसलो. अण्णांनी अर्धा तास वाट पाहिली, सभा तहकूब केली आणि नव्या तारखेची नोटीस दाराला चिकटवली. त्या तारखेला आम्ही पुन्हा टपरीवर. अण्णा आत गेले आणि पाच मिनिटांत बाहेर आले.

"साकव मंजूर," ते म्हणाले.

"कोरम कुठंय?" मी ओरडलो.

"तहकूब झालेल्या सभेला कोरम लागत नाय, उपसरपंच. तुमी आला नाय म्हणून तर तहकूब झाली. लई उपकार झाले."

ग्रामसेवकाने नियम काढून दाखवला. वीस-वीस वर्षं राजकारण केलेल्या आम्हा नऊ जणांत तो एकालाही माहीत नव्हता. "मला तिकिटाच्या मागचं पण वाचायची सवय हाय," अण्णा म्हणाले.

हा अपमान आम्ही जपून ठेवला आणि कायद्याने मुभा मिळताच अविश्वास ठराव आणला. सभेत तो नऊ विरुद्ध एक असा पास झाला. पण जनतेने निवडलेला सरपंच जनतेनेच काढायचा असतो. त्यासाठी खास ग्रामसभा लागली, गुप्त मतदानाची. गाव निम्मं-निम्मं फुटलं होतं. पाडा आला तर अण्णा राहणार, नाही तर जाणार, हे शेंबडं पोरही सांगत होतं.

ग्रामसभेच्या दिवशी पहाटेपासून पाऊस झोडपत होता. ओहोळात साकवाचे खांब उभे राहिले होते, वर स्लॅब नव्हता. पाड्यावरची माणसं पलीकडच्या खांबाला दोर बांधून पाण्यात उतरायच्या तयारीत होती. अण्णा अलीकडच्या काठावर, आणि मी त्यांच्या शेजारी छत्री धरून, लक्ष ठेवायला.

"मागं फिरा!" अण्णा ओरडले. "कोणी पाय टाकायचा नाय!"

"अण्णा, तुमचं सरपंचपद जाईल!" पलीकडून एक बाई ओरडली.

"जाऊ दे गो! तू पोराला घेऊन घरी जा!"

ती माणसं काही हलेनात. आपण पाठ फिरवली की ती उतरतील, या धास्तीने अण्णा मतदान संपेपर्यंत काठावरच उभे राहिले. स्वतःचं मत टाकायलाही गेले नाहीत. सतरा मतांनी पडले.

पदाचा भार माझ्याकडे आला. "स्लॅब दिवाळीनंतर टाका, ओल नको," एवढंच ते मला म्हणाले. मी टाकला. उद्घाटनाला अण्णा आले, चष्मा लावून माझ्या नावाची कोनशिला वाचली आणि म्हणाले, "शुद्धलेखन बरोबर हाय."

त्यानंतर दोनदा मी मुद्दाम त्यांच्या घरी गेलो. त्या दिवशी काठावर छत्री धरून उभा असताना मी देवाकडे काय मागत होतो, ते मला त्यांना सांगायचं होतं. दोन्ही वेळा त्यांनी माझ्या भाताची चौकशी केली, आणि मी भाताबद्दल बोलून परत आलो.

गेल्या माघात अण्णा वारले. पाणी उतरू नये, एवढंच मागत होतो मी.