गाठ सुटली की भांडं धुवा

आठवीतून शाळा सुटली आणि मी गावाकडून निघालो तो आंब्याच्या ट्रकवर क्लीनर म्हणून. कोकण मागे राहिलं, थांबलो नागपूरला. शहराच्या कडेला वाडी नावाच्या भागात गोदामांच्या मागे खोली घेतली. पुढे ओळखीच्या एका ड्रायव्हरनं मला औषधांच्या कॉलेजात काचसामान धुवायला चिकटवून दिलं. त्याचे उपकार फिटायचे नाहीत. पण उपकारावर मिळालेली नोकरी माणसाला सुखानं बसू देत नाही. प्रयोगशाळेच्या साहेबांनी नुसतं "इकडे या" म्हटलं तरी मी हातातलं काम टाकून धावायचो.

प्रयोगशाळेत सावनेरची एक ताई पीएच.डी. करायची. एकाच औषधाची पाण्यात किती रूपं होतात, हा तिचा विषय. पाणी आंबट असलं की एक रूप, सोड्यासारखं असलं की दुसरं. ते द्रावण क्युवेटमध्ये, म्हणजे बोटभर उंचीच्या चौकोनी पारदर्शक भांड्यात, भरून यंत्रात ठेवायचं. त्यातून डोळ्यांना न दिसणारा उजेड जायचा आणि पडद्यावर डोंगरासारखी रेघ उमटायची. पाणी बदललं की रेघ बदलायची, पण साऱ्या रेघा एका जागी एकमेकींना छेदायच्या. त्या जागेला ताई गाठ म्हणायची. "गाठ एकच आली ना भाऊ, तर समजायचं रूपं दोनच," असं तिनंच मला पडद्याजवळ बोलावून सांगितलं होतं. धुणाऱ्याला कोण सांगतं एवढं?

एका उन्हाळ्यात ती गाठ सुटली. रेघा भलतीकडेच छेदायला लागल्या आणि डोंगराच्या कडेला एक उंचवटा आला. प्रयोगशाळेचा रिवाज ठरलेला: रेघ बिघडली की आधी भांडं धुवा. मी आम्लानं धुतलं, शुद्ध पाण्यानं धुतलं, उजेड जायच्या बाजूंना बोट लागू नये म्हणून दोन खरखरीत बाजूंनीच धरून उजेडात पाहिलं. उंचवटा तिथंच.

"अजून एकडाव धुऊन द्या ना जी, भाऊ." ताई आधी हसून म्हणायची, मग न हसता.

स्टोअरवाला दारातूनच ओरडला, "किती धुशीन गा? कोकण्याच्या बोटाले जनमाचं खोबरेल लागून राहिलं!"

सगळे हसले. मीही हसलो. खोलीवर येऊन मात्र बोटं हुंगून पाहिली. दुसऱ्या दिवसापासून डोक्याला तेल लावणं सोडलं. उंचवटा काही गेला नाही.

शेवटी साहेब म्हणाले, "याला काढून टाका."

"राहू द्या ना सर, घर लांब आहे त्यांचं," ताई म्हणाली. "फक्त काचेला हात नका लावू देऊ."

माझी रवानगी उंदरांच्या खोलीत झाली, पिंजरे घासायला. नोकरी वाचली ती तिच्या शब्दानं. हे मी रोज स्वतःला सांगायचो, आणि रोज ते घशाखाली उतरायचं नाही. माझ्या जागी आलेल्यानं धुतल्यावरही उंचवटा तसाच येतोय, हे मला कुणी सांगितलं नाही.

ते कळलं ताईच्या शेवटच्या परीक्षेला. चहा वाटायला मला बोलावलं होतं. ती पडद्याजवळ उभी राहून सांगत होती, की तो उंचवटा खराच आहे. द्रावण दाट झालं की औषधाचे दोन-दोन रेणू एकमेकांना चिकटतात, ते तिसरं रूप. पातळ केलं की उंचवटा जातो. बाहेरून आलेले परीक्षक म्हणाले, "या कामातली हीच खरी कमाई." टाळ्या झाल्या. साहेबांनीही वाजवल्या. मी ट्रे धरून मागं उभा. वाटलं, आता तरी कुणाची नजर वळेल.

नंतर ताईनंच माझ्या हातावर संत्रा बर्फी ठेवली. "भाऊ, तुमचेच आशीर्वाद जी."

मी धीर केला. "ताई, म्हणजे तेव्हा भांडं स्वच्छच होतं ना?"

"कोणतं भांडं?" ती हसत म्हणाली. मागून कुणीतरी फोटोसाठी तिला हाक मारत होतं.

"काही नाही," मी म्हटलं. "बर्फी चांगली आहे."