भिंतीकडे तोंड केलेली खुर्ची

फोन आला तेव्हा मी चष्मा पर्समध्ये ठेवत होते. यमुनाकडे हॉस्पिटलात जायचं होतं, पुस्तक पिशवीत होतं. तिचे यजमान वसंतराव बोलत होते. "ताई, आता नका येऊ... यमू गेली." मी "बरं" म्हटलं. पुस्तक बाहेर काढलं आणि पुन्हा पिशवीत ठेवलं, एवढंच आठवतं.

पनवेलच्या एकाच शाळेत आम्ही दोघींनी नोकरी केली. ती भूगोल शिकवायची, मी मराठी. निवृत्तीनंतर तिची नजर अधू झाली आणि दुपारी तिच्या गॅलरीत बसून मी तिला वाचून दाखवू लागले. शेवटचं पुस्तक तिनंच निवडलं, एक जुनी, नावाजलेली परदेशी कादंबरी, मराठीत आलेली. गोष्ट सांगणारा श्रीमंत, सुसंस्कृत गृहस्थ. दूरच्या गावातून कामाला आणलेल्या मुलीला तो सांगतो, तुझी आई वारली, आता तिकडे तुझं कोणी नाही. आई जिवंत आहे हे फक्त त्याला ठाऊक, आणि वाचणाऱ्याला. हे सगळं तो इतक्या हळव्या, देखण्या भाषेत सांगतो की वाचता वाचता आपणच मान डोलावू लागतो आणि मग स्वतःची शिसारी येते.

"थांब," दुसऱ्याच दिवशी यमुना म्हणाली. "तुझ्या तोंडून त्याचं 'मी, मी' ऐकवत नाही गं." तिनं चाचपडत प्लॅस्टिकची एक खुर्ची ओढली आणि तिचं तोंड भिंतीकडे केलं. "तो तिथं बसलाय, तू नाहीस. बोल रे मेल्या काय ते, पण थोबाड दाखवू नकोस!" मी म्हटलं, दुसरं काही वाचू या का? "अजिबात नाही. ती पोर घरी पोहोचते की नाही, ते मला कळायला हवं. आणि तू चोरून पुढचं वाचायचं नाहीस, सांगून ठेवते."

त्या मुलीच्या वाट्याला पुस्तकात फार थोडं बोलणं आहे. 'ती म्हणाली' आलं की मी थांबायचं, वाक्य हळू आवाजात यमुनाला सांगायचं, आणि ती ते मोठ्यानं म्हणायची, करंजा या किनाऱ्यावरच्या गावातल्या आपल्या कोळी घरच्या बोलीत. "मना घरी जायाचं हाय..." पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी पुस्तकातून मान वर करून तिच्याकडे पाहिलं. लहानपणी शिकायला ती पनवेलला मामाकडे आली, तेव्हा तिच्या 'हाय-नाय'ला अख्खा वर्ग हसला होता. त्यानंतर चारचौघांत तिनं ती बोली कधी काढली नाही. स्टाफरूममध्ये इतकी वर्षं शेजारी बसून मी ती ऐकली नव्हती. ती तिनं या मुलीला दिली.

हॉस्पिटलात शेवटची भेट झाली तेव्हा तिला धाप लागत होती. "पोहोचली का गं ती?"

"मला कुठं ठाऊक? तूच वाचू दिलं नाहीस."

ती हसली. "गुणाची बाई. मग थांब जरा... मी येते."

दिवसकार्य झाल्यावर एका दुपारी त्यांच्याकडे गेले. आल्यागेल्याला बसायला कुणीतरी ती खुर्ची सरळ करून ठेवली होती. मी ती पुन्हा भिंतीकडे वळवली. वसंतराव बघत होते. "वाचा ना ताई," ते म्हणाले. "तिला कळायला हवं होतं." ते तिच्या जागी बसले आणि मी वाचू लागले. मुलगी कुंपणाच्या फाटकापर्यंत येते, तो आडवा उभा राहतो... 'ती म्हणाली'. सवयीनं मी थांबले. पुढचं वाक्य समोर होतं, लहानसं, छापील. मी तोंड उघडलं. पण ते म्हणायचं यमुनानं; मी बोट तिथंच ठेवून पुस्तक मिटलं. वसंतरावांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसत राहिले.

ती घरी पोहोचली की नाही, हे त्या वाक्याच्या पुढं आहे. आम्ही अजून तिथंच आहोत. खुर्ची गॅलरीत तशीच असते. केर काढताना वसंतराव ती उचलतात, आणि झालं की पुन्हा भिंतीकडे तोंड करून ठेवतात.