चौकशीच्या दिवशी स्वच्छ दिसू नका

मंडळी, आज सकाळी निराधार पगाराच्या चौकशीला साहेब घरी आले. मी खाटेवर पडून असते. माझी वेणी आणि धुतलेली चादर पाहून म्हणाले, "तुमचं करणारी सून आहे ना काकू, मंग निराधार कशा?"

हेच मी वडनेरला सासरी ऐकलं होतं, ऐंशी सालानंतरच्या एका वर्षी. सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या, त्यांचं करता करता माझी मजुरी सुटलेली. पटवाऱ्यानं त्यांचं स्वच्छ लुगडं पाहिलं आणि त्यांचा पगाराचा अर्ज नामंजूर झाला.

पुढच्या चौकशीचा दिवस कळला तेव्हा सासूबाईच म्हणाल्या, "आठ दिवस मले आंघोळ नको घालू वं. लुगडंबी बदलवू नको."

मी ऐकलं. पटवाऱ्यानं नाकाला रुमाल लावून दारातूनच शेरा लिहिला. पाठीच्या जखमा चिघळून सासूबाई गेल्या. मंजुरीचा कागद तेरवीच्या दिवशी आला.

म्हाताऱ्यांना पगार द्या, त्यांना सांभाळणाऱ्यांनाही द्या. एवढं साधं मागणं अजून कुणाच्या कानावर जात नाही?

साहेब पुढच्या आठवड्यात पुन्हा येणार आहेत. मघाशी सून आंघोळीचं पाणी घेऊन आली. मी नको म्हटलं. तिनं कारणही विचारलं नाही.