माटोळीच्या बाजारात भरलेली सभा

इंदुमतीताईंची आणि माझी ओळख झाली ती त्यांनी मला निवडणुकीत पाडले तेव्हा. मी शाळामास्तर. डिचोलीतल्या आमच्या वाड्यावर मला सगळे ओळखतात, तेव्हा नगरपालिकेत आपण निवडून आलोच, अशा गुर्मीत होतो. निकालाच्या दुसऱ्या दिवशी सकाळीच ताई आमच्या दारात हजर. मला वाटले, जखमेवर मीठ चोळायला आल्या. त्या सरळ आईकडे गेल्या आणि म्हणाल्या, "तुमच्या चल्याक हांवें पाडलो, पूण गटाराचें तो सांगतालो तें बरोबर. ताका म्हज्या घरा धाडून दियात." मी गेलो. गटार झाले. पुढच्या निवडणुकीत ताईंनीच मला शेजारच्या प्रभागातून उभे केले आणि निवडूनही आणले. तेव्हापासून मी त्यांचा माणूस आहे. कोणी 'शेपूट' म्हणतात, म्हणोत बापडे.

आज ताई पंचाहत्तर वर्षांच्या होत आहेत. त्यांच्या कामाबद्दल या गौरवग्रंथात इतर मंडळी लिहितीलच. मला लिहायचे आहे ते 'व्हडल्या कचेरी'बद्दल, म्हणजे मोठ्या कचेरीबद्दल. पेठेच्या मधोमध उभी असलेली ती पोर्तुगीज काळातली कौलारू, कमानींची इमारत आज आपली नगरपालिका आहे. ती उभी आहे याचे श्रेय ताईंचे, आणि हे मी कोणाच्याही तोंडावर सांगायला तयार आहे.

गोवा घटक राज्य झाले त्या सुमाराची गोष्ट. ताई नगराध्यक्ष होत्या. पालिका एका दुकानाच्या माडीवर भाड्याने बसत होती आणि व्हडली कचेरी बंद पडून होती. ती दुरुस्त करून पालिका तिथे न्यावी, असे ताईंचे म्हणणे. ती पाडून दुकानांचे संकुल उभारावे आणि पालिकेला गावाबाहेर नवी इमारत बांधावी, असे बाबलबाबांचे. बाबलबाब विरोधी गटाचे पुढारी. माणूस वाईट नव्हे, पण सिमेंट दिसले की हरखून जाणारा. त्या दिवसांत सभागृहात मराठी-कोंकणीवरून जुंपायची ती जुंपायचीच. पण या प्रश्नावर माणसे भाषा विसरून इकडची तिकडे झाली.

बाबलबाब एका सभेत गरजले, "घटक राज्य जालें! आतां तरी पुर्तुगेजांच्या घरांत कित्याक बसचें?" टाळ्या पडल्या. ताई शांतपणे उठल्या. "पुर्तुगेजांनी हुकूम दिलो. चिरे काडले आनी व्हावयले ते आमच्या आज्यांनी. घर कोणाचें तें तुमीच सांगात." यावर टाळ्या पडल्या नाहीत. मला मात्र ते उत्तर टाळ्यांपेक्षा अधिक आवडले.

पण नुसत्या उत्तराने मते मिळत नाहीत. हात मोजले तर इमारत पाडणारे एका हाताने पुढे होते. पाडण्याचा ठराव मंजूर झाला की पाठोपाठ ताईंवर अविश्वास येणार, हेही उघड होते. बाबलबाबांनी खास सभेची मागणी केली आणि दिवस मागितला तो चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या, आदला. सभेला येऊन ताईंच्या पाठीशी उभ्या राहणाऱ्या बायका त्या दिवशी नेवऱ्या-पातोळ्यांच्या गोडधोडात गुंतलेल्या असणार, हा त्यांचा हिशेब. आमचे धाबे दणाणले. ताई मात्र हसल्या. म्हणाल्या, "दीस तांचो, सुवात म्हजी." सभेची जागा ठरवण्याचा अधिकार नगराध्यक्षांचा होता. त्यांनी सभा बोलावली ती व्हडल्या कचेरीतच.

बाबलबाब एवढे डिचोलीचे, पण एक गोष्ट विसरले. चवथीच्या आदल्या दिवशी अख्खा तालुका असतो तो त्या कचेरीच्या लांब व्हरांड्यात. गणपतीवर टांगायच्या फळापानांच्या माटोळीचा बाजार तिथेच भरतो. जवळच्या सर्वण गावच्या बायका पहाटेपासून कांगणाच्या वेली, आंबाडे, तोरिंजण, सुपारीचे घोस मांडून बसलेल्या. पाय ठेवायला जागा नाही. आणि त्यातूनच एकेका नगरसेवकाला धोतर-विजार सांभाळत आत जावे लागले. ज्याला त्याला त्या बायका एकच विचारत होत्या, "बाब, हें मोडलें जाल्यार आमी फुडल्या वर्सा खंय बसचें?"

केशवबाब त्यांच्यातून वाट काढत आले. ते बाबलबाबांच्या गटातले, कापडाचे व्यापारी. व्हरांड्यात त्यांची बायकोच तोरिंजण निवडत उभी होती. दोघांत काय बोलणे झाले ते ऐकू आले नाही, पण केशवबाब आत आले तेव्हा त्यांचा चेहरा उतरला होता. पाडण्याच्या ठरावाला हात वर करा म्हटल्यावर त्यांचे हात मांडीवरच राहिले. बाबलबाबांनी डोळे वटारले. केशवबाब उठून म्हणाले, "म्हजे बायलेन सांगलां, मोडपाक हात उबारलो जाल्यार चवथीक घरा येवंक नाका. आतां सांगात, हांव खंय वचूं?" बाबलबाबसुद्धा हसले. मते समसमान झाली आणि ताईंच्या निर्णायक मताने ठराव पडला! व्हरांड्यात बातमी गेली तेव्हा जो गलका उठला, तसा गलका डिचोलीत मी पुन्हा ऐकला नाही.

त्या विजयानंतरच्या ताई मला जास्त आठवतात. दुरुस्तीला कोल्हापूरकडचे गवंडी आले होते. पुढच्या चवथीला काम बंद, आणि घर लांब म्हणून ते तिथेच पडून होते. ताईंनी त्यांना घरी बोलावून पहिल्या पंगतीला बसवले, आम्हा नगरसेवकांना दुसऱ्या. माझी पत्नी पणजीच्या इस्पितळात होती तेव्हा ताई तिच्यासाठी पेज घेऊन बसने येत. नगराध्यक्षांची गाडी असताना बसने का, असे विचारले तर म्हणत, "पेज म्हजी, गाडी लोकांची."

पालिका तिथे गेली त्या वर्षीच ताईंनी नियम केला की माटोळीचा बाजार व्हरांड्यातच बसेल आणि आम्ही मागच्या दाराने आत जाऊ. परवाच्या चवथीला एका नव्या अधिकाऱ्यांनी शिस्तीसाठी व्हरांड्याला दोरी बांधली आणि बायकांना उठायला सांगितले. ताई बाजाराला आल्या होत्या. दोरीखालून वाकून त्या आत गेल्या आणि त्या बायकांच्या रांगेत फतकल मारून बसल्या. "म्हाकाय उठय," एवढेच म्हणाल्या. अधिकाऱ्यांनी स्वतःच्या हाताने दोरी सोडली.

ताई, देव तुम्हाला उदंड आयुष्य देवो आणि गुडघे असेच धड ठेवो. दोऱ्या बांधणारे अजून पुष्कळ यायचे आहेत.