भिंतीवरची रोवणी

“मॅडम, भिंतीले गोवर निघाला का?”

रमेशभाऊ शाळेच्या मागच्या भिंतीपुढे कमरेवर हात ठेवून उभे होते. मोटरसायकल तशीच धडधडत ठेवलेली. रमेशभाऊ म्हणजे आमच्या शाळा व्यवस्थापन समितीचे अध्यक्ष. ही समिती पालकांची असते आणि शाळेत खिळा ठोकायचा तरी तिला विचारावं लागतं. मी विचारलं होतं. “मुलं भिंतीवर चित्र काढतील,” असं सांगितलं होतं आणि त्यांनी मान डोलावली होती. त्यांना वाटलं असेल मोर, नाहीतर झेंडा.

“गोवर नाही भाऊ, चित्र आहे.”

“कायचं?”

“धानाच्या बांधीचं.”

बांधी म्हणजे आमच्याकडे धानाच्या शेताचा बांध घातलेला एकेक तुकडा. भाऊंनी एकदा भिंतीकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. “मी जलमापासून बांधीतच आहो मॅडम. मले नका शिकवू.”

मला राग आला. आणि त्याहून जास्त राग याचा आला, की त्यांचं म्हणणं मलाही पटत होतं. पांढऱ्या भिंतीवर नुसते हिरवे-पिवळे ठिपके, मध्ये चार-चार बोटं मोकळी जागा. गोवरच.

“सोमवारी तपासणीले साहेब येऊन राहिले,” भाऊ म्हणाले. “शनिवारपर्यंत चुना मारून टाका. पंचायतीनं आताच तं भिंत चांगली करून देली होती.”

ते गेले. चौथीची पोरं खिडकीतून ऐकत होती. स्वरा नावाची एक मुलगी आहे, वर्गाची पुढारीणच. ती बाहेर आली आणि भिंतीवरच्या ठिपक्यांवरून बोट फिरवायला लागली. मला फार वाईट वाटलं.

वाईट वाटायचं कारण सांगते. आमची शाळा जिल्हा परिषदेची, मोहाडी तालुक्यातली, चौथीपर्यंत. शिक्षक दोन. मुख्याध्यापक बोरकर सर आणि मी. मी वरठीहून स्कूटीनं येते. आमच्याकडे अशी रीत आहे, की जाणारी चौथी शाळेत आपलं काहीतरी ठेवून जाते. एका वर्गानं कडुलिंब लावला, एका वर्गानं पाण्याच्या टाकीभोवती दगड रचले. या वर्गानं भिंत मागितली होती. ती पुसली, तर ही पोरं एप्रिलमध्ये रिकाम्या हातानं जाणार होती, आणि परीक्षांच्या गडबडीत पुन्हा काही करायला वेळ नव्हता.

आता ठिपके कुठून आले ते. कलाशिक्षणाच्या तासाला आम्ही दर महिन्याला एक मोठा चित्रकार घेत होतो. चित्रकार मोबाईलवर पाहायचा आणि त्याच्यासारखं काहीतरी करायचं. फेब्रुवारीत फ्रान्सचा एक जुना चित्रकार निघाला, जो अख्खं चित्र ठिपक्या-ठिपक्यांनी काढायचा. त्याचं नाव मी फळ्यावर लिहिलं, पण ते कोणाच्याच जिभेवर बसेना, माझ्याही नाही. पोरांनी त्याचं नाव ठिपकेबाबा ठेवलं. जवळून पाहिलं की ठिपके, लांबून पाहिलं की नदीकाठ आणि माणसं. पोरं मोबाईल जवळ न्यायची, लांब न्यायची, पुन्हा जवळ.

“हे कोण करते मॅडम, डोळा का डोकं?” प्रणयनं विचारलं. मी करून पाहू म्हटलं.

आधी चार्टपेपरवर केलं. निळे आणि पिवळे ठिपके शेजारी-शेजारी टाकले, की लांबून हिरवा दिसेल अशी माझी खात्री. डब्यात निळा-पिवळा कालवला की हिरवा होतो ना. चार्ट व्हरांड्याच्या त्या टोकाला लावला आणि या टोकाला येऊन पाहिलं, तर मळकट राखाडी. डब्यात कालवलेला रंग वेगळा आणि डोळ्यात कालवलेला वेगळा, हे मला त्या दिवशी कळलं. मग हिरवा आणि पिवळा असे ठिपके टाकून पाहिले. लांबून छान पोपटी दिसला. वर्गानं टाळ्या वाजवल्या आणि ठरलं: भिंतीवर बांधी.

पंचायतीच्या इमारतीचा उरलेला पांढरा डिस्टेंपर होता. त्यात स्टेनर, म्हणजे बाटलीत मिळणारा गडद रंग, टाकून हिरवा आणि पिवळा केला. मी सांगितलं, एका बोटानं ठिपके टाका, अगदी चिकटून टाका. आणि मी पहिली-दुसरीकडे गेले. दोन शिक्षकांच्या शाळेत असंच असतं, एका वर्गाला काम लावायचं आणि दुसऱ्याकडे पळायचं.

परत आले तर पोरं बाकांवर ओळीनं उभी. वरून सुरुवात करून हळूहळू खाली येत होती. आणि एका बोटानं नाही, तीन बोटांनी. अंगठ्याला पिवळा, दोन बोटांना हिरवा. तिन्ही बोटं जुळवून भिंतीवर दाबायची, मग चार बोटं जागा सोडायची, पुन्हा दाबायची.

“असं काहून करून राहिले? मी एकेक म्हटलं होतं ना?”

“एकच काडी कोणी रोवते का मॅडम?” स्वरा म्हणाली. “मरून गेली तं?”

“आणि एवढी जागा कशाला सोडली?”

ती माझ्याकडे असं बघायला लागली, की मी काहीतरी खुळ्यासारखं विचारलंय. “वाढन नं ते.”

पोरं रोवणी करत होती. रोवणी म्हणजे धानाची लावणी. वाफ्यातली रोपं, आमच्याकडे त्यांना पऱ्हे म्हणतात, ती काढायची आणि बांधीत चिखलात रोवायची. दोन-तीन काड्या अंगठ्यानं आणि दोन बोटांनी धरायच्या, दाबायच्या, मागे सरकायचं. घरी आई, आत्या, सगळ्या तेच करतात, आणि पोरं सुट्टीत धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, बसून तेच पाहतात. मला हसू आलं. तोवर अर्धी भिंत झाली होती, पुसायला मन होईना. चालू दे म्हटलं. तीच भिंत भाऊंना गोवर वाटली.

शुक्रवारी बोरकर सर म्हणाले, “मॅडम, चुना मागवू का?” माणूस भला आहे, पण साहेब येणार म्हटलं की त्यांना घाम फुटतो.

“थांबा सर. जागा भरून काढते. दाट झालं की दिसेल.”

मी पोरांना सांगितलं, मोकळ्या जागेत ठिपके भरा. कोणी हलेना.

“कोंदून जाईन मॅडम,” स्वरा म्हणाली.

“चित्र आहे स्वरा, धान नाही.”

“तुम्हीच तं म्हटलं, बांधी काढा.”

ब्रश घेऊन मीच उजवा कोपरा भरायला बसले. पोरं मागे उभी राहून बघत होती. कोपरा भरला. तिथं हिरवा गोळा झाला, शेवाळ साचल्यासारखा. मागे सरकून पाहावं तर तिथं चार पावलांवर तारेचं कुंपण आणि त्यापलीकडे बोडी, म्हणजे आमचं लहान तळं. सरकणार कुठे?

एकच उपाय उरला, मुदत मागायची. जेवणाच्या सुट्टीत मी रमेशभाऊंना फोन केला.

“मले टाइम नाही मॅडम. रोवणा चालू आहे. बोलायचं असन तं बांधीत या.”

उन्हाळी धानाची रोवणी होती. पाण्याची सोय असली की आमच्याकडे हे दुसरं पीक घेतात. भाऊंचं शेत बोडीच्या पल्याड. मी पारीवरून, म्हणजे तळ्याच्या बांधावरून, चपला हातात घेऊन गेले. बाया चिखलात ओळीनं वाकलेल्या होत्या आणि भाऊ धुऱ्यावर उभे.

“भाऊ, सोमवारी सकाळपर्यंत द्या. मी दाट करून देते.”

“दाट करा का पातळ करा, गोवर तो गोवरच. सगळ्या गावाले दिसते ते. हे पाहा, इथूनबी कसं...”

त्यांनी शाळेकडे हात केला. हात तसाच राहिला.

मी वळून पाहिलं. बोडीच्या पाण्यापलीकडे आमची भिंत होती आणि भिंतीवर बांधी होती. पोपटी, कोवळी, ओळीत उभी. ठिपका एकही दिसत नव्हता. आणि मधली जी जागा मी भरायला निघाले होते, तिथं पाणी दिसत होतं. पंचायतीनं चुन्यात नीळ टाकली होती, तिची झाक लांबून अगदी चिखलावर उभ्या असलेल्या पाण्यासारखी. खाली पायाशी भाऊंची बांधी होती, तिचाही तोच रंग.

“आताच रोवली आहे,” भाऊ हळूच म्हणाले. “काल नाही तं परवा.”

मी मनातल्या मनात जुळवत होते. ठिपके जेवढे लांब लांब, तेवढं आपणही लांब जायला लागतं, तेव्हा डोळा ते एकत्र करतो. व्हरांडा आमच्या चार्टपेपरला पुरला होता. या भिंतीला अख्खी बोडी लागत होती. मला भरगच्च धान हवं होतं. पण फेब्रुवारीत या गावात भरगच्च धान आहेच कुठे? पोरांनी खिडकीतून दिसतं तेच लावलं होतं.

“पर तो उजवा कोपरा कोणं रोवला?” भाऊंनी विचारलं. “तेवढा बिघडवला.”

“मी.”

ओळीतली एक बाई कंबर सरळ करून हसली. “मॅडमले रोवण्याले नका बोलवू भाऊ.”

शनिवारी चुना आला. नीळ टाकून फक्त माझा कोपरा पांढरा केला आणि वाळल्यावर स्वराच्या टोळीनं तो नव्यानं रोवला. मला रंग कालवायचं काम दिलं होतं.

सोमवारी साहेब आले. आवारात भिंतीसमोर उभे राहिले, चष्मा पुसून वाकून पाहिलं. बोरकर सरांचा रुमाल बाहेर निघाला. साहेब तोंड उघडणार तेवढ्यात रमेशभाऊ पुढे झाले.

“साहेब, इथून नाही दिसत. चाला पारीवर.”

पॉलिश केलेले बूट घालून साहेब पारीवर चालले, मागे भाऊ, मागे सगळी शाळा. तिथं साहेबांनी वळून पाहिलं, चष्मा काढला, पुन्हा लावला आणि परत पाहिलं. मग पोरांना विचारलं, “हे कोणत्या चित्रकारासारखं काढलं?”

“ठिपकेबाबासारखं,” प्रणय म्हणाला. “पर त्यानं कधी रोवणा केला नसन.”

साहेब मोठ्यानं हसले. भिंत राहिली.

एप्रिलमध्ये चौथी गेली. पाचवी शेजारच्या गावात आहे आणि तिकडचा रस्ता पारीवरूनच जातो. जुलैत एकदा मी मागच्या भिंतीपाशी उभी होते. पावसानं एक-दोन ओळी फिक्या झाल्या होत्या, त्या जरा ठळक कराव्यात म्हणून हातात ब्रश घेतला होता. पलीकडे एक सायकल थांबली. स्वरा.

“मॅडम,” बोडीवरून तिचा आवाज आला, “आमच्या बांधीले हात नका लावू.”

मी ब्रश खाली ठेवला. आता माझा साधा नियम आहे. मुलांचं चित्र बिघडलंय असं वाटलं, की रंगाचा डबा उघडायच्या आधी चपला घालायच्या आणि जरा लांब जाऊन यायचं.