चांगल्या हाताचं ऑपरेशन

कॉलेजात असताना मी भाला फेकायचे. दोन हजार सालच्या आगेमागे रत्नागिरीत भाला फेकणाऱ्या मुली फारशा नव्हत्या. आमचे क्रीडाशिक्षक मूळचे कबड्डीचे. त्यांना सगळे नुसते 'सर' म्हणत. भाल्याबद्दल त्यांचं एकच शास्त्र होतं: जितका जास्त फेकाल, तितका हात तयार होतो. भाट्याच्या किनाऱ्यावर ओहोटी लागली की आमचा सराव सुरू व्हायचा. ओल्या वाळूत भाला छान रुततो. तो उपटायचा, चालत मागे यायचं, पुन्हा फेकायचा. कोपराच्या आतल्या बाजूला दुखायला लागलं की सर म्हणायचे, "दुखतंय म्हणजे हात खुलतोय."

माझा हात असा वर्षभर खुलत होता. विद्यापीठाच्या स्पर्धेत, भर मैदानात, तो पूर्णच खुलला. टक् असा आवाज आला, तो मला कानांनी नाही, दंडातून ऐकू आला. भाला जेमतेम पुढ्यात आडवा पडला आणि करंगळीपासून कोपरापर्यंत झिणझिण्या भरल्या. सर धावत आले. त्यांचा पहिला प्रश्न होता, "रेषेबाहेर पाय नाही ना गेला?"

घरी परतल्यावर गावातल्या हाडांच्या डॉक्टरांनी एक्स-रे काढला. हाड शाबूत होतं. आमच्या आळीत ही बातमी फार निराशेने ऐकली गेली. लोक भेटायला बिस्किटांचे पुडे घेऊन आले होते आणि मोडलेलं तर काहीच नव्हतं. "मग हात गळ्यात कशाला बांधलाय गो?" असं शेजारच्या काकूंनी विचारलं आणि पुडा आईच्या हातात देण्याआधी जरा विचार केला.

डॉक्टरांनी दवाखान्यात सगळ्यांना नीट समजावून सांगितलं. कोपराच्या आतल्या अंगाला दोन हाडांना बांधून ठेवणारी एक चिवट पट्टी असते, लिगामेंट. भाला फेकताना सगळा ताण तिच्यावर येतो. माझी ती पट्टी तुटली होती.

"भाला सोडलास तर काहीच करायला नको," ते म्हणाले. "लिहिता येईल, पाणी भरता येईल, भाकऱ्या थापता येतील."

"देव पावला!" आत्या म्हणाली. ती खास गुहागरहून आली होती. आईनेही हात जोडले. भाकऱ्या वाचल्या म्हटल्यावर सगळ्यांच्या जिवात जीव आला. बाबा हायस्कुलात गणित शिकवायचे. माझी एकही फेक त्यांनी कधी पाहिली नव्हती. ते खिडकीपाशी उभे होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि डॉक्टरांना विचारलं, "आणि हिला फेकायचाच असेल तर?"

म्हणून आम्ही मुंबईच्या सर्जनकडे गेलो. त्यांनी मला अंगठा आणि करंगळी जुळवून मनगट आत वळवायला सांगितलं. मनगटाच्या मधोमध दोरीसारखी एक शीर वर आली, रक्ताची नव्हे, स्नायूची.

"ही," ते म्हणाले. "हिचं फारसं काही काम नसतं. ही काढायची, कोपराच्या हाडांना भोकं पाडायची आणि त्यातून ओवून घट्ट ताणून बसवायची."

"सुंभाने बाज विणतात तशी?" आईने विचारलं.

"अगदी तशीच."

"पण काम नाही तर देवाने ती दिलीच कशाला?"

"बहुतेक यासाठीच," सर्जन म्हणाले. काही माणसांना ही शीर जन्मतःच नसते, मग पायातून घ्यावी लागते, हेही त्यांनी सांगितलं. शेवटी म्हणाले, "वर्ष तरी जाईल, कदाचित जास्तच. हात पूर्वीसारखा होईलच अशी हमी मी देत नाही."

हे शेवटचं वाक्य रत्नागिरीपर्यंत पोहोचलं नाही. शिरेची गोष्ट मात्र आमच्याआधी पोहोचली. आता भेटायला येणाऱ्याला काम मिळालं. जो तो ओट्यावर बसून अंगठा-करंगळी जुळवी आणि मनगट उजेडात धरी. बाबांना ती एकाच हाताला होती, त्याची त्यांना बरेच दिवस रुखरुख लागली. कचेरीतून निवृत्त झालेल्या एका शेजाऱ्यांना ती दोन्ही हातांना नव्हती. ते चहा न घेताच उठले.

ऑपरेशन झालं. पुढचं वर्ष इतकं कंटाळवाणं होतं की त्याबद्दल मला कधी कोणी काही विचारलं नाही. आधी हात बिजागरीच्या पट्ट्यात, जो हळूहळू थोडा थोडा उघडत न्यायचा. मग मऊ चेंडू दाबायचा. मग रिकाम्या हाताचे व्यायाम. मुंबईच्या फिजिओथेरपिस्ट बाई कडक होत्या. त्यांनी मला आधी मांड्या, कंबर, पाठ आणि खांद्याच्या कामाला लावलं. मी इतकी वर्षं नुसत्या कोपराने भाला फेकत होते हे मला तेव्हा कळलं. टेनिसचा चेंडू फेकायची परवानगी मिळाली, त्या दिवशी बाबा खळ्यात, म्हणजे घरापुढच्या सारवलेल्या अंगणात, समोर उभे राहिले. चेंडू त्यांच्यापर्यंत पोहोचलाच नाही. त्यांनी तो उचलला, सदऱ्याला पुसला, माझ्याजवळ येऊन हातात दिला आणि परत जाऊन आधीपेक्षा जवळ उभे राहिले. त्या संध्याकाळी न्हाणीत पाण्याचा तांब्या जोरात आपटत मी रडून घेतलं.

वर्ष उलटून गेल्यावर विभागीय स्पर्धेत उतरले. भाला माझ्या जुन्या फेकीपेक्षा थोडा पुढे पडला. फार नाही, पण पुढे. मी आनंदाने उडी मारली, आणि तिथून सगळा घोटाळा सुरू झाला.

सरांनी सत्कार ठरवला. हार आला, शाल आली, नारळ आला. सर माइकवर म्हणाले, "ऑपरेशनने हात डबल ताकदीचा झालाय." प्रमुख पाहुण्यांनी फोटोसाठी माझा हात उंच धरला, तो डावा होता. मी हळूच उजवा पुढे केला, तर त्यांनी त्यात नारळ दिला. भाषणाच्या शेवटी ते भारावून म्हणाले, "जिल्ह्यातल्या प्रत्येक गुणी मुलीला असं ऑपरेशन लाभो!" टाळ्या झाल्या. बाबांनी वाजवल्या नाहीत. आईने त्यांना कोपराने ढोसलं.

पुढच्या आठवड्यात एक गृहस्थ मुलाला घेऊन घरी आले. मुलगा वेगवान गोलंदाज होता. त्याला काय होतंय, असं मी विचारलं.

"होत काहीच नाही," गृहस्थ म्हणाले. "पण म्हटलं, मे महिन्याच्या सुट्टीत याचंही उरकून घ्यावं. दहावीच्या वर्षात मग वेळ मिळणार नाही."

सरांनी तर निवड चाचणीतच शीर बघायला सुरुवात केली. मुली रांगेत उभ्या राहायच्या, मनगटं पुढे करायच्या, सर बोटाने दाबून बघायचे. जिला शीर नाही तिला गोळाफेकीत पाठवलं जाई. अशा एका मुलीची आई मैदानावर येऊन शपथेवर सांगून गेली की त्यांच्या माहेरी सगळ्यांना शीर आहे, ही खोट सासरकडची आहे.

शेवटी गावातल्या डॉक्टरांना राहवेना. त्यांनी कॉलेजात येऊन व्याख्यान दिलं. चांगल्या हाताला या ऑपरेशनने काही मिळत नाही, तुटलेला हातसुद्धा प्रत्येकाचा पूर्ववत होत नाही, हिचा भाला पुढे गेला तो वर्षभराच्या मेहनतीने, असं त्यांनी फळ्यावर चित्र काढून सांगितलं. बाहेर पडताना माझ्या मागचे दोन पालक बोलत होते. "गिऱ्हाइकं मुंबईला जातात ना, म्हणून पोटात दुखतंय," एकजण म्हणाला. दुसऱ्याला ते लगेच पटलं.

हे सगळं मी हसण्यावारी नेत होते. मग एका सकाळी भाट्याला एक मुलगी डाव्या हाताने केस विंचरताना दिसली. मंडणगडकडच्या खेड्यातली, उजव्या हाताने फेकणारी, आमच्यात सगळ्यात गुणी. तिच्या शिरेवर तर सर बेहद्द खूश होते.

"कोपर दुखतंय का गो?" मी विचारलं.

"दुखतंय," ती म्हणाली आणि चक्क हसली. "पट्टी तुटायला आलीय वाटतं, ताई. एकदा तुटली की ऑपरेशन होईल. मग सुटले."

मी सरांकडे गेले. तिचा सराव थांबवा म्हटलं.

"तुझा विक्रम मोडेल म्हणून?" सर म्हणाले.

त्यांच्याशी वाद घालत बसले नाही. तिला थेट डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी कोपर दाबून, वळवून पाहिलं. पट्टी तुटली नव्हती, ताणली गेली होती. विश्रांती आणि व्यायाम यांनी भरून येण्यासारखी होती. काही महिने भाल्याला हात लावायचा नाही, असं त्यांनी कागदावर लिहून दिलं.

"म्हणजे ऑपरेशन नाही?" तिने विचारलं आणि तिला रडू कोसळलं. एस.टी. स्टँडपर्यंत ती माझ्या चार पावलं पुढे चालत राहिली.

दोन दिवसांनी तिची आई आमच्या ओट्यावर हजर. "तुमचं झालं ते झालं," ती म्हणाली, "आणि आमच्या पोरीचं म्हटल्यावर आडवं आलात."

बाबांनी तिला बसायला पाट दिला आणि मला बाही वर करायला सांगितली. कोपरावरचा लांब व्रण तिने पाहिला. मनगटावरची बारीक खूण पाहिली. दोन बोटं अजून मधूनच बधिर होतात, सुईत दोरा ओवताना चाचपडावं लागतं, हे मी तिला सांगितलं. ती बराच वेळ व्रणावरून बोट फिरवत राहिली.

"मग भाला लांब गेला कसा?" तिने विचारलं.

"पायांनी," बाबा म्हणाले.

थट्टा करतायत असं वाटून तिने माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली. ती पदर झटकून उठली. पण डॉक्टरांचा कागद सरांना मोडता येईना, आणि मुलगी थांबली. मांड्यांचे आणि पाठीचे जे व्यायाम मला शिकवले होते, ते मी तिच्याकडून करून घेतले. सुरुवातीला ती तोंड फुगवून करायची, मग नुसती करायची.

मी आणखी दोन मोसम फेकले आणि मग शाळेत खेळाची शिक्षिका झाले. ती माझ्यापुढे गेली, स्वतःच्याच पट्टीवर. खेळाडू म्हणून पोलिसात लागली तेव्हा मायलेकी भेटायला आल्या. आईने घरचे काजू आणले होते. चहा झाला, कौतुक झालं, मुलीने आम्हाला वाकून नमस्कार केला.

निघताना तिच्या आईने मला बाजूला घेतलं. "झालं ते चांगलंच झालं, बाय," ती हळू आवाजात म्हणाली. "पण तेव्हा ऑपरेशन होऊ दिलं असतंत, तर फौजदारच झाली असती."

मुलीने ते ऐकलं. कपाळाला हात लावून ती दारातच हसत उभी राहिली.